कठीण पात्यांना धार लावताना फ्लॅप डिस्कची निवड व वापर

उन्हाळी मशागतीची घाई सुरू झाली की खेड्यातील वेल्डिंगच्या दुकानापुढे अवजारांची रीघ लागते. कोणी रोटाव्हेटरची पाती सोडवून आणलेली असतात, कोणी कुट्टी यंत्राची पाती पोत्यात गुंडाळून आणतो, तर कोणाला झिजलेल्या फाळावर वेल्डिंगचा कठीण थर चढवून घ्यावयाचा असतो. पूर्वी हे काम लोहाराच्या भात्यापाशी अथवा गावोगाव फिरणाऱ्या शिकलगाराच्या चाकावर होत असे. आता ते बहुतांशी विजेच्या हातग्राइंडरवर होते आणि त्या ग्राइंडरवर चढविण्याच्या चकत्यांपैकी फ्लॅप डिस्क विशेष प्रचारात आली आहे. तिने काम झटपट होते, पृष्ठभाग नितळ निघतो आणि साध्या दगडी चकतीप्रमाणे पात्यावर खड्डे पडत नाहीत.

असे असूनही पुष्कळ ठिकाणी एक तक्रार ऐकू येते. नुकतीच धार लावून आणलेले पाते चार-आठ दिवसांतच पुन्हा बोथट होते. शेतकरी पोलाद हलके निघाले असे म्हणतो, दुकानदार जमिनीतील मुरमाकडे बोट दाखवितो. वस्तुतः अशा बहुतेक पात्यांत दोष पोलादाचाही नसतो आणि मुरमाचाही नसतो. धार लावताना पात्याचे पाणी उतरलेले असते.

पाणी कसे उतरते

ज्या पोलादात कर्बाचे प्रमाण बऱ्यापैकी असते, ते लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविले असता अतिशय कठीण होते. परंतु त्याबरोबरच ते ठिसूळही होते. यासाठी ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. या दुहेरी क्रियेला लोहार ‘पाणी देणे’ म्हणतो. कुट्टी यंत्राची पाती व रोटाव्हेटरची कर्बयुक्त अथवा बोरॉनयुक्त पोलादाची पाती कारखान्यात अशाच रीतीने कठीण केलेली असतात. असे पाते पुढे केव्हाही, पाणी देताना दुसऱ्या वेळी जितके तापविले होते त्याहून अधिक तापले, तर त्याचे काठिण्य कमी होऊ लागते. मग ते आगीत तापो वा घर्षणाने, परिणाम एकच.

पोलाद किती तापले हे त्याच्या रंगावरून समजते. घासून उजळ केलेल्या पोलादावर सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो, २६० अंशांच्या आसपास तपकिरी, २८० अंशांना जांभळा आणि ३०० अंशांना निळा. धारेवर निळा रंग दिसला की तेथील पाणी बरेचसे गेले असे समजावे. पात्याच्या जाड भागाला उष्णता लागली तर ती आत पसरून जाते, परंतु धारेच्या टोकाशी धातू अगदी थोडा असल्याने उष्णतेला जावयास जागा नसते. त्यामुळे ज्या जागेचे काठिण्य सर्वात महत्त्वाचे, तीच जागा सर्वात आधी तापते. पाते हाताला कोमट लागत असताना त्याची धार निळी पडलेली असू शकते.

फ्लॅप डिस्कच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दगडी चकतीने पाते जळाले तर निळा डाग राहतो व तो मालकाला दिसतो. फ्लॅप डिस्क मात्र घासता घासता पृष्ठभाग उजळ करीत जाते. एका फेरीत आलेला निळेपणा पुढच्या हलक्या फेरीत निघून जातो आणि पाते चांदीसारखे चकाकू लागते. रंग हा केवळ वरचा अतिशय पातळ थर असतो. तो गेला तरी त्याखालचे मऊ पडलेले पोलाद तसेच राहते. म्हणून चकाकीवर विसंबून काम चांगले झाले असे ठरवू नये. चांगल्या बारीक कानशीचा कोपरा धारेलगत हलक्या हाताने फिरवून पाहावा. पात्याच्या ज्या भागास धक्का लागलेला नाही तेथे कानस घसरत असेल किंवा नाममात्र धरत असेल, आणि नव्या धारेपाशी ती सहज लोखंड खात असेल, तर पाणी उतरले हे निश्चित. ही परीक्षा एका मिनिटाची आहे व ती दुकानातच करून पाहावी.

चकतीची रचना

फ्लॅप डिस्क म्हणजे पाकळ्यांची चकती होय. कापडाच्या पट्ट्यांवर घर्षक कण राळेने चिकटविलेले असतात. अशा अनेक पट्ट्या एका गोल आधारावर, घरावरील कौलांप्रमाणे एकीवर एक चढवून बसविलेल्या असतात. काम करताना वरच्या पाकळीचे कापड व कण झिजून जातात आणि खालचे ताजे कण उघडे पडतात. त्यामुळे चकती अखेरपर्यंत बहुतांशी सारखीच कापते. पाकळ्या किंचित लवचिक असल्याने तिचा धक्का कमी बसतो व हातही कमी थकतो.

आधार बहुधा काचतंतूचा असतो. काही चकत्यांचा आधार प्लॅस्टिकचा वा अॅल्युमिनियमचा असतो. काचतंतूचा आधार हादरे शोषून घेतो आणि खेड्यातील कामाला तो पुरेसा आहे. मात्र कोणताही आधार धातूला टेकू देऊ नये. पाकळ्या आधारापर्यंत झिजल्या की चकतीचे आयुष्य संपले.

कण कोणते घ्यावेत

घर्षक कणांचा मूळ पुरुष आपल्या परिचयाचाच आहे. कुरुंदाचा दगड फार प्राचीन काळापासून आपल्याकडे धार लावण्यासाठी व रत्ने घासण्यासाठी वापरीत आले आहेत. कुरुंदाची पूड लाखेत घट्ट करून केलेली चाके कारागीर वापरीत असत. आजच्या बाजारातील अॅल्युमिनियम ऑक्साइड हा रासायनिक दृष्ट्या तोच कुरुंद होय, फक्त तो भट्टीत तयार केलेला असतो. या कणांची चकती स्वस्त असते आणि साध्या मऊ पोलादावर, म्हणजे फाटकाच्या चौकटी, ट्रॉलीचे पत्रे, वेल्डिंगचे सामान्य जोड यांवर उत्तम काम करते. कठीण पात्यावर मात्र तिचे कण लवकर गुळगुळीत होतात. गुळगुळीत झालेला कण कापत नाही, नुसता घासतो, आणि घासण्यातूनच उष्णता निर्माण होते.

झिरकोनिया अॅल्युमिना हा दुसरा प्रकार. अॅल्युमिनियम ऑक्साइड व झिरकोनियम ऑक्साइड एकत्र वितळवून हे कण करतात. ते चिवट असतात आणि दाब पडला की त्यांच्या कडा बारीक तुटून नवीन धारदार कडा निघतात. पाणी दिलेल्या पोलादाच्या पात्यांसाठी, किंमत व काम या दोहोंचा विचार करता, हीच चकती सर्वसाधारणपणे योग्य ठरते. तिसरा प्रकार सिरॅमिक कणांचा. हे कण अतिसूक्ष्म स्फटिकांचे बनलेले असल्याने त्यांचे फार लहान तुकडे सुटत जातात व कण सतत धारदार राहतो. त्यामुळे काम त्यातल्या त्यात थंड होते. किंमत जास्त असते. स्टेनलेस पोलाद, क्रोमियमयुक्त कठीण थर आणि चिवट मिश्रधातू यांसाठी ती घेण्यासारखी आहे. काही सिरॅमिक चकत्यांवर घर्षण कमी करणारा एक थरही दिलेला असतो.

या दोन्ही चांगल्या कणांचा एक स्वभाव समजून घ्यावा. त्यांना थोडा दाब लागतो. अगदी भीत भीत, चकती नुसती टेकवून काम केले तर कणांच्या कडा तुटत नाहीत, चकतीला आरशासारखी झिलई चढते आणि ती कापावयाचे सोडून घासू लागते. उलट ग्राइंडरवर अंग टाकून दाबले तर यंत्राचे फेरे उतरतात आणि पाते जळते. योग्य दाब हाताला थोड्या सवयीने कळतो. यंत्राचा आवाज फारसा न उतरता ठिणग्यांचा झोत एकसारखा सुटत असेल, तर दाब बरोबर आहे.

चकती ओळखण्यासाठी रंगावर भरवसा ठेवू नये. झिरकोनियाच्या चकत्या पुष्कळदा निळ्या व सिरॅमिकच्या तांबूस असतात हे खरे, परंतु असा काही बांधील नियम नाही. मधल्या गोल कागदावर कणाचे नाव, क्रमांक, व्यास आणि कमाल फेरे छापलेले असतात. जिच्यावर हे काहीच छापलेले नाही अशी चकती कितीही स्वस्त मिळाली तरी विकत घेऊ नये.

क्रमांकाविषयीचा गैरसमज

कणांचा आकार क्रमांकाने दर्शवितात. क्रमांक लहान तेवढा कण मोठा. बाजारात ४०, ६०, ८० व १२० हे क्रमांक नेहमी मिळतात. पुष्कळ कारागिरांची अशी समजूत असते की कठीण व नाजूक धारेला बारीक कणच हवा, म्हणून ते सुरुवातीपासूनच १२० क्रमांकाची चकती चढवितात. ही समजूत उलटी आहे. बारीक कण थोडे कापतो, म्हणून तेवढाच धातू काढावयास अधिक वेळ घासावे लागते आणि तेवढी उष्णता वाढते. मोठा धारदार कण धातूचे तुकडे काढून बाहेर फेकतो व त्या तुकड्यांबरोबर बरीचशी उष्णताही निघून जाते. म्हणून बोथट पात्याचा उतार नव्याने बसवावयाचा असल्यास ४० किंवा ६० क्रमांकाने सुरुवात करावी आणि शेवटचे दोन-चार हलके हात ८० क्रमांकाने द्यावेत. कडबा कापणाऱ्या पात्याला याहून अधिक नितळपणाची गरज नाही. १२० क्रमांक शोभेच्या अथवा गंज लागू नये म्हणून नितळ करावयाच्या कामासाठी राखून ठेवावा.

आकार, व्यास आणि फेरे

फ्लॅप डिस्क दोन आकारांत मिळते. सपाट चकतीला प्रकार २७ म्हणतात व किंचित शंकूसारख्या उतरत्या चकतीला प्रकार २९. सपाट चकती पृष्ठभागाशी ० ते १५ अंशांच्या कोनात धरावयाची असते व ती सपाट करण्यास आणि शेवटचा हात देण्यास चांगली. शंकूसारखी चकती १५ ते २५ अंशांच्या कोनात धरली असता तिचा रुंद भाग धातूला टेकतो आणि ती अधिक धातू काढते. वेल्डिंगचा उंचवटा उतरविण्यास ती उपयोगी पडते. पात्याच्या उतारासाठी सपाट चकती घेणे बरे, कारण तिने उतार गोल न होता सरळ राहतो.

व्यास व फेरे यांच्याबाबतीत मात्र तडजोड चालत नाही. चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरहून अधिक होऊ नये या हिशेबाने बहुतेक चकत्या बनविलेल्या असतात. त्यानुसार १०० मि.मी. व्यासाच्या चकतीस मिनिटाला सुमारे १५,३०० फेरे, १२५ मि.मी.च्या चकतीस सुमारे १२,२०० फेरे आणि १८० मि.मी.च्या चकतीस सुमारे ८,५०० फेरे ही मर्यादा पडते. खेड्यात सर्वत्र आढळणारा १०० मि.मी.चा ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्याला १०० मि.मी.ची चकती लावली तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर होतो, म्हणजे भीतीचे कारण नाही. त्याच यंत्राचा गार्ड काढून त्यावर १८० मि.मी.ची चकती बसविली, तर तोच वेग सेकंदाला सुमारे १०३ मीटर होतो. या वेगाने चकती फुटली तर तिचा तुकडा गोफणीच्या धोंड्यापेक्षा कितीतरी जोराने येतो. मोठी चकती मोठ्या यंत्रावर झिजून लहान झाली म्हणून ती लहान यंत्रावर चढविण्याची युक्तीही काही ठिकाणी पाहावयास मिळते. ती करू नये. १०० मि.मी.च्या चकतीचे भोक बहुधा १६ मि.मी.चे व त्याहून मोठ्या चकत्यांचे सुमारे २२ मि.मी.चे असते. भोक कानशीने वाढवून वा वॉशर कोंबून बसविलेली चकती मध्यावर बसत नाही.

कापण्याची पातळ चकती आडवी धरून तिने धार लावणे हाही एक घातक प्रघात आहे. ती चकती केवळ कडेने कापण्यासाठी असते. बाजूचा दाब तिला सोसत नाही आणि ती काचेसारखी फुटते.

कुट्टी यंत्राचे पाते

किर्लोस्कर बंधूंच्या कारखानदारीचा आरंभ बेळगावास चारा कापण्याच्या यंत्रापासून झाला व पुढे लोखंडी नांगर आला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, त्याआधीची ही गोष्ट. म्हणजे कुट्टी यंत्र आपल्या भागात शंभर वर्षांहून जुने आहे. हाताने फिरवावयाच्या यंत्राची जागा आता मोटरच्या यंत्राने घेतली, तरी पात्याचे तत्त्व तेच राहिले आहे. पाते बोथट झाले की कडबा कापला न जाता ओढला व चिरडला जातो, मोटरवर भार पडतो, गव्हाणीत लांब धांडे शिल्लक राहतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, चारा आत जात नाही म्हणून माणूस तो हाताने पुढे रेटू लागतो. बोटे अथवा पंजा आत ओढला जाण्याचे प्रसंग अशाच वेळी ओढवतात. तेव्हा या पात्याची धार हा केवळ चाऱ्याचा प्रश्न नाही.

धार लावताना प्रथम मोटरचा पुरवठा तोडावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा. पाती चाकावर असतानाच ग्राइंडर लावण्याची घाई करू नये, कारण चाक जड असते आणि किंचित धक्क्याने फिरते. पाती सोडवावीत, कोणते पाते कोठले याची खडूने खूण करावी आणि पाते व्हाइसमध्ये घट्ट आवळावे.

पात्याची एक बाजू सपाट व दुसरी उताराची असते. सपाट बाजू स्थिर पट्टीसमोरून जाते आणि या दोहोंमधील फट जितकी कमी तितकी कुट्टी चांगली. म्हणून घासावयाची ती फक्त उताराची बाजू. सपाट बाजूला चकती लावली की धारेलगत ती गोल होते, फट वाढते आणि मग धार कितीही तीक्ष्ण असली तरी कडबा मध्ये दुमडून अडकतो. ही चूक फार सर्रास होते. उताराचा मूळ कोन कायम ठेवावा. कोन समजत नसल्यास उतारावर शाईने वा खडूने रेघा ओढाव्यात, चकतीचा एक हलका हात द्यावा आणि रेघा कोठून पुसल्या ते पाहावे. त्या सर्व रुंदीवर सारख्या पुसल्या गेल्या तर कोन साधला.

चकतीच्या फिरण्याची दिशा अशी धरावी की पाकळ्या पात्याच्या अंगाकडून धारेकडे जाऊन बाहेर सुटतील. उलट दिशेने धरल्यास तीक्ष्ण धार पाकळ्यांत घुसते, कापड फाटते आणि ग्राइंडर हातातून उसळतो. पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात सतत सरकता ठेवावा. एका जागी थांबले की तेथेच निळा डाग पडलाच असे समजावे. एक-दोन हात दिल्यावर थांबून धारेच्या मागे बोटभर अंतरावर स्पर्श करून पाहावा. बोट ठेववत नसेल तर पाते थंड होऊ द्यावे. शेजारी पाण्याची बादली ठेवून कोमट पाते वरचेवर त्यात बुडविणे चांगले. परंतु चुर्र आवाज होण्याइतके तापलेले पाते एकदम पाण्यात घालू नये, पातळ धारेला बारीक तडे जातात. चालू ग्राइंडरवर किंवा त्याखालील पात्यावर पाणी ओतण्याचा विचारही मनात आणू नये, विजेच्या यंत्राशी पाण्याचा खेळ प्राणावर बेततो.

दोन पाती घाईने बदलत बदलत घासली तर एक तापत असताना दुसरे थंड होते व वेळ फुकट जात नाही. दोन्ही पात्यांचा धातू सारखाच काढावा, अन्यथा चाकाचा तोल जातो आणि धारांचे अंतर स्थिर पट्टीपासून निरनिराळे पडते. शेवटी धारेच्या सपाट बाजूस लोखंडाची जी बारीक किनार उभी राहते, ती ओल्या बारीक दगडाने, दगड पूर्ण सपाट टेकवून, एक-दोन वेळा घासून काढावी. पाती बसविल्यावर चाक प्रथम हाताने फिरवून पाहावे आणि ती स्थिर पट्टीला लागत नाहीत याची खात्री झाल्यावरच प्लग लावावा.

पुष्कळ पात्यांत पाणी दिलेला पट्टा फक्त धारेकडे असतो. तो पट्टा झिजून संपला की पुढचे पोलाद मऊ लागते. अशा पात्याला कोणतीही चकती उपयोगाची नाही, ते बदलावे. एखाद्या पात्याची केवळ टोकाशी धार निळी पडली असेल, तर मऊ झालेला भाग कानस पुन्हा घसरू लागेपर्यंत सावकाश, थंड ठेवून घासून काढता येतो. निळा पट्टा रुंद असेल तर पुन्हा पाणी द्यावे लागेल. साध्या कर्बयुक्त पोलादाला जाणता लोहार ते देऊ शकतो.

रोटाव्हेटर व कठीण थर

रोटाव्हेटरचे पाते जमिनीत आपटत काम करते, म्हणून त्याला कोयत्यासारखी तीक्ष्ण धार देऊ नये. झिजून वाकडी झालेली कड सरळ करून मूळ उतार काढला की पुरे. ६० क्रमांकाची झिरकोनिया चकती या कामास योग्य होय. पाती यंत्रावरच ठेवून घासावयाची असल्यास ट्रॅक्टरचे इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि रोटाव्हेटर जमिनीवर अथवा मजबूत लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा. केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नये. तेलाची नळी फुटली किंवा कोणा मुलाचा हात दांड्याला लागला, तर यंत्र क्षणात खाली येते.

फाळ व पाती यांवर वेल्डिंगने चढविलेल्या कठीण थरात क्रोमियमचे अत्यंत कठीण कार्बाइड असतात. त्यावर स्वस्त चकती पाहता पाहता गुळगुळीत होते. ४० क्रमांकाची सिरॅमिक चकती येथे शेवटी स्वस्त पडते. मात्र हा थर मुळात झिजू नये म्हणूनच दिलेला असतो. तो आरशासारखा गुळगुळीत करण्यात ना फायदा ना शहाणपण. ज्या ठिकाणी माती अडकेल किंवा बोल्ट बसावयास अडचण होईल तेवढाच उंचवटा काढावा.

दुधाचे डबे व इतर स्टेनलेस भांड्यांचे वेल्डिंग साफ करावयाचे असल्यास कोरी चकती घ्यावी. साध्या लोखंडावर वापरलेल्या चकतीतील लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात व तेथे गंजाचे ठिपके उठतात. बोअरवेलच्या बिटावरील टंगस्टन कार्बाइडची बटणे मात्र फ्लॅप डिस्कच्या आवाक्याबाहेरची आहेत, त्यांना हिऱ्याच्या कणांचीच साधने लागतात. कोयता, विळा व खुरपे यांना बहुधा कानस आणि दगड पुरतात. पातळ कोयत्याला ग्राइंडर लावणे म्हणजे त्याचे पाणी घालविण्याचा राजमार्ग होय.

अंगरक्षण

डोळ्यांवर सर्व बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि शक्य तर चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा असल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नये. उन्हाचा काळा चष्मा या कामाचा नव्हे. डोळ्यात लोखंडाचा कण गेल्यास डोळा चोळू नये, किंवा शेजाऱ्याकडून पदराच्या टोकाने तो काढवून घेऊ नये. तो कण बुबुळावर गंजतो आणि भोवती गंजाचे वलय धरते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. कठीण थर व स्टेनलेस यांच्या धुळीत क्रोमियम व निकेल असते, म्हणून नाकावर रुमालाऐवजी एन-९५ प्रतीची मुखपट्टी बांधावी. गळ्यातील उपरणे, धोतराचा सुटा सोगा, साडीचा पदर, सैल बाह्या यांपैकी काहीही यंत्राजवळ येता कामा नये. ग्राइंडर नेहमी दोन्ही हातांनी धरावा व गार्ड आपल्या बाजूस वळवावा.

खेड्यातील विजेच्या लहरीमुळे एक विशेष धोका उद्भवतो. काम चालू असताना वीज जाते, कारागीर ग्राइंडर तसाच जमिनीवर ठेवून चहाला जातो आणि खटका अडकवून ठेवलेला असल्याने वीज येताच ग्राइंडर आपोआप फिरत उड्या मारू लागतो. वीज गेली की प्रथम खटका सोडण्याची सवय लावून घ्यावी. विजेचा दाब फार कमी असताना कठीण पात्याचे काम हातीच घेऊ नये. फेरे कमी पडतात, माणूस नकळत अधिक दाबतो आणि पाते जळते.

ठिणग्या काही मीटर दूर जातात आणि वाळलेल्या काडीकचऱ्यात पडून मागाहून धुमसतात. कडब्याची गंजी, डिझेलचे डबे व गोठ्याचे छप्पर यांपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून बसावे. काम संपल्यावर जागेवर पाणी शिंपडावे आणि थोड्या वेळाने पुन्हा एक फेरी मारून पाहावी.

नवी चकती बसविल्यावर ती पात्याला लावण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट मोकळी फिरवावी व त्या वेळी कोणीही तिच्या समोर उभे राहू नये. पाकळी फाटलेली, आधाराला तडा गेलेली किंवा हातातून पडलेली चकती बाजूला टाकावी. चकत्या कोरड्या जागी, सपाट, वजनाखाली न ठेवता साठवाव्यात. पावसाळ्यात कापड व राळ ओल धरतात आणि पाकळ्या सुटू लागतात. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांनी कठीण पात्यांसाठी व साध्या लोखंडासाठी चकत्यांचे वेगळे डबे करून त्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावाव्यात, आणि बारीक कानस त्याच डब्यात ठेवावी, म्हणजे पाते परत देण्यापूर्वी ती हाताशी राहील.